चार वाजून दहा मिनिटांची घंटा

"मावशी, आज पाच वाजता मला पोलिसांच्या हवाली करणार आहेत," दारातली तरुण बाई म्हणाली, आणि चपला काढायचंही विसरून आत येऊन बसली.

मावशींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं तारांची गुंतागुंत सोडवून निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसांची गुंतागुंत सोडवायला घेतली होती. जोडीला त्यांचा भाचा असे. हा पन्नाशीचा गृहस्थ चालायला सावकाश, बोलायला सावकाश आणि समजायला त्याहून सावकाश. म्हणून मावशी त्याला सावकाशराव म्हणत, आणि हळूहळू सगळ्या गल्लीने तेच नाव उचललं होतं.

"पाणी पी आणि पहिल्यापासून सांग," मावशी म्हणाल्या.

ती एका शाळेत संगणक शिकवत होती. आधीचे सर आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेले, त्यांच्या जागी हिला घेतलं. पंधरा दिवसांपूर्वी पालकांना अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. मुलाचं नाव, वर्ग, घरचा पत्ता, आजारपण, सगळं त्या माणसांना ठाऊक. एक मुलगी तर घाबरून शाळेतच येईना. तपासलं तेव्हा शाळेच्या एकतीसही संगणकांत वर्म सापडला.

"वर्म म्हणजे तो व्हायरसच ना?" सावकाशरावांनी विचारलं.

"भाऊबंद आहेत, पण फरक आहे," मावशी म्हणाल्या. "व्हायरसला कुणाच्या तरी खांद्यावर बसून यावं लागतं. कुणीतरी फाइल उघडली की तो आत. वर्म आपल्या पायांनी चालतो. वायर दिसली की पुढच्या दाराची कडी हलवून बघतो. उघडी मिळाली की आत, तिथून पुढचं दार. आणि आत बसल्या बसल्या बाहेरच्या चोरांसाठी मागचं दार उघडून ठेवतो."

"मी मंगळवारी बाहेरची लाइन तोडली," ती म्हणाली. "सगळी मशीनं बंद केली, एकेक करून साफ केली. पुन्हा आपसात जोडली आणि नऊ मिनिटांत वर्म परत! बुधवारी तेच, काल तेच. आता हेडक्लार्क म्हणतात, हीच मुद्दाम पेनड्राइव्हने सोडते. माझ्याखेरीज कुणी हात लावत नाही ना."

"पासवर्ड कुणाचा?"

तिने मान खाली घातली. "सरांनी सगळ्या मशीनना एकच ठेवला होता. मी तोच चालू ठेवला. सरांची आठवण म्हणा, माझा आळस म्हणा."

"आळसच म्हणू," मावशी उठल्या. "चला, सावकाशराव. आज जरा भरभर."

शाळेच्या फाटकातून आत शिरताना घंटा वाजली. सावकाशरावांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दोन मिनिटं झाली होती. शाळेची घंटा चुकायची नाही, या भाबड्या विश्वासाने त्यांनी काटा दोन मिनिटं मागे घेतला.

"सेल कधी टाकलास त्यात?" मावशींनी विचारलं.

"मागच्याच आठवड्यात."

मावशींनी मान हलवली आणि त्या पुढे चालू लागल्या.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत हेडक्लार्क आधीच ठाण मांडून बसले होते. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" ते म्हणाले. "एकतीस मशीनं आत्ता बंद आहेत, प्लगसुद्धा काढलेत. मी स्वतः मोजलीत."

"खरेदी किती होती?"

त्यांनी नोंदवही उघडली. "बत्तीस. एक भंगारात काढलं, आठ महिन्यांपूर्वी. सरांचं जुनं मशीन होतं ते."

"भंगारवाल्याची पावती?"

हेडक्लार्कांनी पान उलटलं, पुन्हा पलटलं. "पावती दिसत नाही. सही ग्रंथपालबाईंची आहे. सरांच्या पत्नी त्या. तेव्हा त्यांच्याकडे पावती मागायची कुणाला हिंमत होती?"

तेवढं बोलताना त्यांचाही आवाज उतरला. माणूस खडूस होता, पण दगड नव्हता.

बाहेर व्हरांड्यात शिपाईमामा पितळी टोल पुसत बसले होते. टोल लखलखीत होता, पण त्याच्या हातोडीला गंज चढला होता.

"रोज पुसता, वाजवत नाही?" मावशींनी विचारलं.

"आठ वर्षं झाली वाजवून. सरांनी आपोआप वाजणारी घंटा बसवली आणि आमचा हात रिकामा झाला. ती बघा पेटी." त्यांनी भिंतीवरच्या कर्ण्याकडे बोट दाखवलं. "कधी चुकली नाही हो. या आठवड्यातच बसवाला कुरकुरतोय, म्हणे तुमची शाळा उशिरा सुटते."

सावकाशरावांनी भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. तीन पन्नासला तास सुटायचा, मग थेट चार तीसला.

"मधे एक फुकटची घंटा असते," शिपाईमामा हसले. "चार-दहाला, दोन छोटे ठोके. पोरं तिला आगाऊ घंटा म्हणतात. का वाजते, देव जाणे."

ग्रंथालयात ग्रंथपालबाई एकट्याच होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले. टेबलावर कार्डांचे खोके.

"माझ्याकडे संगणक नाही," त्या विचारण्याआधीच म्हणाल्या. "अजून कार्डांवरच काम चालतं."

मागे जुन्या वर्तमानपत्रांची लहानशी खोली होती, तिला कुलूप. सावकाशराव चालून दमले होते, ते त्या दाराला टेकून उभे राहिले.

"वा, पाठीला बरं वाटलं. उबदार आहे दार."

"ऊन येतं मागून," ग्रंथपालबाई घाईने म्हणाल्या.

मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या बाजूला भलंमोठं झाड होतं, सगळी सावलीच. झाडापलीकडे शाळेची भिंत आणि भिंतीला लागून एक बैठं घर. त्याच्या ओट्यावर एक म्हातारी खुर्चीत बसली होती.

"घर तुमचं?"

"हो. सासूबाई आहेत त्या. दिसत नाही त्यांना फारसं." त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. आल्यापासून तिसऱ्यांदा.

"चार वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत या," मावशी हळुवारपणे म्हणाल्या. "सगळ्यांनाच बोलावलंय."

चार वाजता सगळे जमले. मावशी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चक्क डोळे मिटले. पाच मिनिटं गेली. हेडक्लार्क खोकले. संगणकाच्या बाई रुमालाला पीळ देत होत्या. सावकाशरावांना वाटलं, मावशींना डुलकी लागली की काय.

व्हरांड्यात दोन छोटे ठोके वाजले.

"एकतीस मशीनं बंद आहेत ना?" मावशींनी डोळे उघडले. "प्लगसुद्धा काढलेत. मग आत्ता ही घंटा कुणी वाजवली?"



"ती... पेटी," शिपाईमामा चाचरले.

"पेटी म्हणजे नुसता कर्णा. त्याला 'वाज' म्हणून सांगणारं कुणीतरी लागतं. दुपारपासून ही घंटा आपल्या सगळ्यांच्या कानांवर पडतेय, पण काखेत कळसा अन् गावाला वळसा. रोजची घंटा म्हणून कुणी ऐकलीच नाही." मावशी पुढे सरकल्या. "बत्तीस घेतली, एकतीस मोजली. बत्तिसाव्याच्या भंगाराची पावती नाही. ते कुठंतरी चालू आहे, आणि वायरीला जोडलेलंही आहे. ही पोर एकतीस खोल्या झाडून काढते आणि बत्तिसाव्या खोलीतून किडा परत येतो. लाइन तोडल्यावरही आला, म्हणजे तो घरातलाच."

"पण मशीन चालू असेल तरी घंटेचं कशावरून?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"आमच्या सावकाशरावांच्या घड्याळावरून. नवा सेल, तरी घंटा दोन मिनिटं मागे. बसवालाही याच आठवड्यापासून कुरकुरतोय. ते जुनं मशीन अचूक वेळ बाहेरच्या लाइनवरून घेतं. मंगळवारी लाइन तुटली आणि तेव्हापासून ते रोज थोडं थोडं मागे पडतंय."

"आणि आहे कुठं?"

"सावलीतलं दार आपोआप तापत नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

ग्रंथपालबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ती घंटा सासूबाईंसाठी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना काही लक्षात राहत नाही. यांनी चार-दहाला दोन ठोके लावून दिले होते. म्हणजे, आई, गोळी घे. घंटा ऐकली की त्या गोळी घेतात आणि म्हणतात, आता येईल तो." त्यांनी टेबलावरची किल्ली सरळ केली. "हे गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्या आकांताने रडल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तो कुठाय? पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच पहिल्यांदा ऐकल्यासारखं. तिसऱ्यांदाही. एका आईचा मुलगा मी तीनदा मारला. चौथ्यांदा माझ्याने होईना."

संगणकाच्या बाई ताडकन उठल्या. "मला सांगायचं होतं! मी अशी घंटा दहा मिनिटांत लावून दिली असती."

"दिली असतीस. पण ती तुझी झाली असती ग." ग्रंथपालबाईंनी प्रथमच तिच्याकडे पाहिलं. "मी सासूबाईंचं नाव पुढे करतेय. खरं म्हणजे मलाच हवी होती. दिवसातून एकदा यांच्या हातचं काहीतरी ऐकू यायचं. घंटेच्या प्रोग्रॅमचा पासवर्ड फक्त यांना ठाऊक होता. एकदा बंद केलं की संपलं. म्हणून भंगारात दाखवून मी ते होतं तिथंच ठेवलं, कधी बंदच केलं नाही."

"आणि बंद करून चालू केल्याशिवाय नवी दुरुस्ती बसत नाही," मावशी म्हणाल्या. "आठ महिने त्या दाराची कडी मोडकी राहिली. बाहेरून वर्म आला, त्याला तेच दार उघडं मिळालं. आत सगळ्या शाळेची एकच किल्ली, म्हणजे तो एकच पासवर्ड, ठेवलेला होता. पुढचं तुम्ही पाहिलंतच."

"काल संशय आला मला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "हिचं तोंड बघवत नव्हतं. तरी गप्प बसले. एवढाच दिवस, म्हटलं, एवढीच एक घंटा."

सावकाशरावांना राहवलं नाही. "बाकीच्या संगणकांकडे जाणारी वायर तेवढी काढू या की! मशीन राहू दे चालू."

"राहिलं असतं," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "पण वर्म आधी कुठं आला, कोणत्या तारखेला आणि कोणत्या वाटेने, हे त्या एकाच डिस्कवर लिहिलेलं आहे. या पोरीने आणला नाही, याचा दुसरा पुरावा नाही. डिस्क काढायची म्हणजे मशीन बंद करावं लागणार."

ग्रंथपालबाईंनी किल्ली पुन्हा उचलली. "मीच करते," त्या म्हणाल्या.

जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे ते मशीन गुरगुरत होतं. त्यावर धुळीचा कणही नव्हता. त्यांनी त्याच्यावर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि मग बटण दाबलं. गुरगुर थांबली. सावकाशराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि सावकाशराव जबाबावर सही घ्यायला त्या बैठ्या घरी गेले. डिस्कवरची तारीख सापडली होती आणि संगणकाच्या बाई पुन्हा कामाला लागल्या होत्या. ग्रंथपालबाईंवर चौकशी बसायची होती. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. ओट्यावर म्हातारी गोळीची डबी मांडीवर घेऊन बसली होती.

चार-दहा झाले. मग चार-अकरा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून टोल ऐकू आला. शिपाईमामांनी गंजक्या हातोडीने दिलेला एक ठोका, मग जरा थांबून, अडखळत दुसरा.

म्हातारीने मान वर केली. कितीतरी वेळ ती कान देऊन बसली. मग तिने चाचपडत गोळी काढून तोंडात टाकली.

"सूनबाई," ती म्हणाली, "आज हात दमलाय ग त्याचा. घरी आला की त्याला कशावरून बोलू नकोस."

ग्रंथपालबाईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"नाही बोलणार, आई," त्या म्हणाल्या.