शेवटचे दहा हात

आठ बायका केदारनाथला गेल्या होत्या. सोलापूर स्टेशनवर सातच उतरल्या.

१९३३ सालचा आषाढ होता. शिवयोगी फलाटावर उभा होता. मिलमधली पाळी त्याने बाळासोशी बदलून घेतली होती. एका हातात फुलांचा हार होता, दुसऱ्या हातातल्या फडक्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. परमुलखाचे खाऊन खाऊन बायकोच्या, मल्लव्वाच्या, तोंडाची चव गेली असेल, असे त्याला वाटले होते. तो एकेक चेहरा बघत राहिला. सगळ्यात शेवटी रंभाबाई उतरली. भवानी पेठेत त्याच्या शेजारी राहणारी ही म्हातारी. तिच्या हातात दोन गाठोडी होती.

दुसरे गाठोडे त्याने ओळखले.

"मल्ली कुटं हाय, मावशी?"

रंभाबाई फलाटावरच बसली. "बर्फानं घेतली रं तिला, बाबा. माझ्या म्होरंच चालत हुती. पायाखालचं बर्फ फुटलं आन् दिसंनाशीच झाली."

हार कुठे पडला ते शिवयोगीला नंतर कधीच आठवले नाही.

चार दिवसांनी एक कार्ड आले. हिंदीत होते, म्हणून गल्लीतल्या मुकुंद मास्तरांनी वाचून दाखवले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवीत. कार्ड उमरावसिंग नेगी नावाच्या गढवाली वाटाड्याचे होते. साहेब लोकांना बर्फाच्या शिखरांवर नेणारा माणूस. त्या दिवशी यात्रेकरूंनी त्यालाच बोलावून आणले होते.

'मी दोर बांधून भेगेत उतरलो,' त्याने लिहिले होते. 'बाई खाली एका कपारीवर पडली होती. मान मोडली होती. हाल झाले नसावेत. दोर दहा हात कमी पडला. वर धरायला घाबरलेली माणसे होती, म्हणून मला परत यावे लागले. माफी असावी.'

दहा हात!

शिवयोगीच्या घरात माणसाला जाळत नाहीत. बसवून, हातात लिंग देऊन, माती देतात. मल्लव्वा बर्फात तशीच पडली होती, आणि मधे राहिले होते दहा हात. तो मैंदर्गीला गेला. तिच्या बापाच्या शेतातली मूठभर काळी माती त्याने फडक्यात बांधून आणली आणि मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, त्या नेगीला लिवा. बर्फात उतरायचं माणसाला शिकता येतंय का, म्हनावं."

उत्तर आले. 'येते. पावसाळा सरल्यावर मी महिनाभर शिकवतो. आधी वर यायला शिकवतो, खाली जायला नंतर. शिकलात असे मला वाटले, तर मी तुम्हाला त्या भेगेवर नेईन. नाही वाटले, तर नेणार नाही.'

मास्तरांनी कार्ड खाली ठेवले. "मीही येतो तुमच्याबरोबर. वीस वर्षं पोरांना डोंगर काढायला शिकवतोय. दोन त्रिकोण आणि मधून सूर्य. खरा डोंगर त्रिकोणी असतो का ते तरी बघतो."

"आन् न्हाय निघाला तर?"

"तर वीस वर्षांतल्या सगळ्या पोरांची माफी मागायची."

फलाटावरच्या त्या दिवसानंतर शिवयोगी पहिल्यांदा हसला.

वाटखर्च जमवून पुढच्या वर्षीच्या भाद्रपदात दोघे नेगीच्या तळावर पोचले. हिमनदीच्या काठी गवताचे एक सपाट मैदान होते. तिथे तीन तंबू, एक चूल आणि समोर आभाळात घुसलेले पांढरे कडे. सकाळी पातेल्यातले पाणी गोठलेले असे. दुपारी ऊन असे लागे की नाकाची साल निघे. शिकायला चौघे आले होते, त्यांतले दोघे आठव्या दिवशी थंडीला कंटाळून परत गेले. नेगी पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. दोघांनीही त्याला 'उस्ताद' म्हणायला सुरुवात केली.

उस्तादने त्यांना चालण्यापासून शिकवले. खिळ्यांचे बूट बर्फात कसे रोवायचे. कुऱ्हाडीने पायऱ्या कशा खोदायच्या. घसरलो तर पालथे होऊन कुऱ्हाडीचे पाते बर्फात कसे दाबायचे. मास्तर पहिल्या दिवशी उतारावरून थेट चुलीपर्यंत घसरत आले.

"मास्तर, चहा तिकडंच आनून दिला असता की!" शिवयोगी ओरडला.

"बर्फ आतून निळा असतो," मास्तर दाढीतला बर्फ झाडत म्हणाले. "लिहून ठेवायला हवं."

शिवयोगी लवकर शिकला. लहानपणी मोटेच्या नाड्याला धरून तो विहिरीत उतरायचा, त्यामुळे खोलीची भीती नव्हती. घाई झाली की मल्लव्वाचा कानडी शब्द त्याला आठवे. "निधान, निधान." म्हणजे सावकाश. तो शब्द पुटपुटत तो एकेक पायरी खोदी.

अडचण एकच होती. गाठ.

बावीस वर्षे तो मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता. धागा तुटला की डोळ्याचे पाते लवायच्या आत गाठ मारायची आणि लगेच टोके तोडायची. टोक राहिले तर ते फणीत अडकते आणि कापड बिघडते. दिवसातून शंभर वेळा त्याचे हात हेच करीत. इथे उलटे होते. दोराच्या गाठीला वीतभर टोक सोडायचे. ताण आला की टोक आत सरकते, आणि ते आखूड असेल तर गाठ सुटते. शिवयोगी झकास गाठ मारी आणि दुसऱ्याच क्षणी कमरेचा चाकू काढून टोके छाटून टाकी. आपण छाटले हे त्याला कळतही नसे.

"पूँछ किधर?" उस्ताद गरजे. "तुझ्या गाठीचं शेपूट कुठं आहे? कापड विणतोस का माणूस बांधतोस?"

उस्तादने त्याला बारा हातांचा एक जुना दोर दिला. झोपायच्या आधी त्यावर शंभर गाठी मारायच्या आणि शंभर शेपटे ठेवायची. विसाव्या दिवशी शंभरच्या शंभर बरोबर आल्या. पंचविसाव्या दिवशी उस्ताद म्हणाला, "उद्या पहाटे भेगेवर जाऊ. लक्षात ठेव, ऊन वर यायच्या आत परत फिरायचं. ऊन आलं की भेगेचा काठ मऊ पडतो."

अंधार असतानाच ते निघाले. हिमनदी दगडासारखी टणक झाली होती. उस्ताद पुढे, काठीने बर्फ टोचत. टणक लागले की पाऊल, पोकळ लागले की वळसा. दोनदा पोकळ लागले. एकदा मास्तरांचा पाय मांडीपर्यंत आत गेला. शिवयोगीने दोर ताणला, कुऱ्हाड रोवली आणि मास्तर वर आले!

"धन्यवाद," मास्तर पांढरे पडून म्हणाले.

"तुमीच लिवलेलं कार्ड हुतं ते, मास्तर. आता भोगा की."

भेग गेल्या वर्षीच्या जागी नव्हती. काठावरच्या दगडाला उस्तादने बांधलेली खूण चाळीस हात मागे राहिली होती. "बर्फ चालतो," उस्ताद म्हणाला. "नदीच आहे ती. सगळं घेऊन हळूहळू खाली येते." त्याने काठापासून मागे दोन कुऱ्हाडी खोल रोवल्या. एका दोराने स्वतःला आणि मास्तरांना बांधून घेतले. दुसरा, लांब दोर शिवयोगीसाठी. हा गेल्या वर्षीचाच दोर होता. दहा हात कमी पडलेला.

"हा जोडतो की," शिवयोगी म्हणाला आणि त्याने सरावाचा तुकडा काढला.

उस्तादने तुकड्याकडे बघितले. मग होकारार्थी मान हलवली.

शिवयोगीने दोन्ही दोर जोडले. टोके वीतभर सोडली. आता खाली, साठ-सत्तर हातांवर, ती होती. तो भेगेच्या निळ्या अंधारात बघत राहिला.

"पूँछ?" उस्तादने कुऱ्हाडी ठोकता ठोकता विचारले.

"हाय!"

त्याला ते खरेच वाटत होते. डोळे भेगेत असताना हातांनी चाकू काढून टोके कधी छाटली, हे त्याला कळले नव्हते.

तो उतरला. भिंती जवळ आल्या. वरचे आभाळ फितीएवढे झाले. आवाज बंद झाले. नुसते पाणी ठिबकत होते. जोडलेला दोर संपत आला आणि पायांना कपार लागली.

ती तिथे होती. बर्फाने तिला आत ओढून घेतले होते. काचेमागे ठेवल्यासारखी. हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता आणि एक पाऊल. पावलाच्या बोटात जोडवे होते.

"मल्ली," तो म्हणाला. "मी आलोय."

त्याने कुऱ्हाड उचलली. बर्फ लोखंडासारखा होता. दहा घाव घातले, तेव्हा बोटभर खाच पडली. तो मारत राहिला. घामाने अंगरखा भिजला आणि तिथेच गोठला. बऱ्याच वेळाने खाच वीतभर झाली. तिच्यापर्यंत अजून हातभर बर्फ होता.

वरून उस्तादचा आवाज आला. "ऊन आलं! वर ये!"

"अजून थोडं!"

"शिवयोगी!" आता मास्तर ओरडले. "काठ हलतोय! आम्ही दोघं काठावर आहोत हो!"

त्याने आणखी एक घाव घातला.

कड्कन आवाज झाला! वरून घागरीएवढा बर्फाचा तुकडा आला आणि त्याच्या खांद्यावर आदळला. पाय सुटले! तो कपारीवरून फेकला गेला आणि अधांतरी लोंबकळू लागला. दोर कण्हला. त्याने वर पाहिले.

डोक्यावर सहा हातांवर गाठ होती. तिला शेपूट नव्हते.

दोन बोटे टोक बाहेर होते. त्याच्या डोळ्यांदेखत ते दीड बोट झाले.

"वडू नका!" तो किंचाळला. "वडू नका! गाठ सुटतीया!"

वर दोघेही थांबले. बूट भिंतीत रोवून त्याने अंगाचे वजन पायांवर घेतले. एक पायरी खोदली. मग दुसरी. हळू! झोका बसला तर संपले. निधान. तिसरी. टोक बोटभर राहिले होते. चौथी पायरी, आणि त्याने डावा हात लांब करून गाठीच्या वरचा दोर पकडला, मनगटाला दोन वेढे दिले. त्याच क्षणी गाठ सुटली!

आता तो एका हातावर आणि बुटांच्या खिळ्यांवर होता. खालचे टोक त्याने दातांत धरले. उजव्या हाताची बोटे गोठली होती, पण बावीस वर्षांची सवय गोठली नव्हती. वेढा, फासा, आत, ताण. गाठ पडली! हात आपोआप चाकूकडे गेला.

शिवयोगीने स्वतःच्या हाताकडे पाहिले. मग चाकू म्यानातून काढला आणि भेगेत सोडून दिला. तो कुठे पडला ते ऐकूही आले नाही.

त्याने टोक मोजले. वीतभर होते.

अजून खाली जाता आले असते. सहा हात. दोर आता पक्का होता. त्याने खाली हिरव्या काठाकडे पाहिले, मग वर फितीएवढ्या उजेडाकडे. तिथे दोन माणसे मऊ पडणाऱ्या बर्फावर त्याला धरून बसली होती. एकाने त्याच्यासाठी कार्ड लिहिले होते, दुसऱ्याने त्या कार्डाला उत्तर दिले होते.

"मल्ली, येतो मी," तो म्हणाला. मग जोरात, "वर घ्या!"

तो काठावर आला. तिघेही रांगत मागे सरकले. शंभर पावले गेली असतील नसतील, तो मागे काठाचा मोठा लचका धडाडत भेगेत कोसळला! तिघे बर्फावर पालथे पडून राहिले.

"उस्ताद," शिवयोगी म्हणाला. "पहिली गाठ म्याच बिघडवली. टोकं तोडली हुती."

उस्तादने गाठ हातात घेतली. आपल्या वितीने टोक मोजले. "मीही विचारलं फक्त, हात लावून बघितलं नाही. चूक दोघांची." मग तो उठून बसला. "चार माणसं पाहिजेत. दोन लांब दोर पाहिजेत. दोन पहाटा बर्फ तोडला तर ती निघेल. पुढच्या भाद्रपदात ये. बर्फ अजून चाळीस हात चालेल, मी खूण ठेवतो."

"आज नापास का मग?"

"वर आलास की! आज पास."

मास्तर कुठेतरी बघत होते. "डोंगर त्रिकोणी नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही."

आता दर रविवारी सोलापुरात गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीवर चार माणसे जमतात. शिवयोगी, मास्तर, मिलमधला बाळासो आणि रंभाबाई. तिघे दोराने चढतात-उतरतात. मास्तर आता पायरी बरी खोदतात. रंभाबाई काठावर बसून प्रत्येक गाठीचे टोक आपल्या वितीने मोजते आणि कमी भरले तर शिव्या घालते.

"मी पन येनार हाय," ती म्हणते.

"मावशी, तुमचं वय बघा की!"

"मेल्या, तुज्याआदी म्या चालून आलेय तितं! तिला शेवटचं बघितलं ते म्याच. जागा म्या दावनार."

मैंदर्गीची माती तशीच परत आली, घरात फडताळात आहे. भेगेत वरून टाकली असती तर गेली असती, पण माती हाताने द्यायची असते. फडक्याची गाठ शिवयोगीने नवी बांधली आहे. टोके लांब ठेवली आहेत.

मल्लव्वाला माती द्यायची राहिली आहे.