दाजींच्या दाराचं रबर

माझी व्हॅन दाजींच्या व्हॅनपेक्षा दोन पिढ्यांनी नवी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कंपनी एकच, मॉडेल एकच, आकारही तोच, मागे सोफा आडवा राहील एवढा. पण दाजींची गाडी पहिल्या पिढीची. नाक चपटं, समोरची काच जवळजवळ उभी, छपराच्या कडेने पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ आणि पुढच्या दारांना उघडणारी ती छोटी त्रिकोणी काच. यातली प्रत्येक गोष्ट वारा अडवते आणि शीळ घालते. दुसऱ्या पिढीत कंपनीने त्रिकोणी काच काढली आणि आरसे सुपाएवढे केले, म्हणजे एक भोक बुजवून दुसरं पाडलं. तिसऱ्या पिढीत, म्हणजे माझ्या, पन्हळ गेली, काच तिरकी झाली, दारं छपरापर्यंत वळली. कागदावर पाहिलं तर माझ्या गाडीत वाऱ्याचा आवाज निम्मा हवा.

प्रत्यक्षात मोठ्या रस्त्याला लागलं की माझ्या गाडीत ओरडल्याशिवाय बोलता येत नसे आणि दाजींच्या गाडीत मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची.

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते सोफे शिवतात, आम्ही नवराबायको पडदे लावतो. गाळा एकच, मध्ये प्लायवूडची भिंत. बायको मापं घेते आणि शिवते, मी रॉड ठोकतो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकदा माझी गाडी गॅरेजला होती आणि एका गिऱ्हाइकाला सोफ्याचं कव्हर आणि पडदे एकाच कापडाचे हवे होते, म्हणून ती दाजींबरोबर मापं घ्यायला गेली. परत आली तेव्हा गाडीतून उतरताना तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलेलं होतं.

काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही, अशाच गप्पा. मला ते लागलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या गाडीत ती कधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली नव्हती. त्यानंतर काही ना काही निमित्ताने ती दाजींच्या गाडीतून जायला लागली. वाईटसाईट काही माझ्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. दाजी तोंडातल्या तोंडात बोलणारा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. पण तिच्या गप्पा त्यांच्या वाट्याला जात होत्या आणि माझ्या वाट्याला, “पुढे डावीकडे, ऐकू येतंय का?” एवढंच येत होतं. माझा जळफळाट व्हायचा.

मी दोष वाऱ्याला दिला आणि हात धुऊन त्याच्या मागे लागलो. टपावरचं कॅरिअर उतरवलं. दारांच्या फटींवर कागदी टेप चिकटवायची, गाडी पळवायची, एकेक पट्टी सोलत जायची आणि आवाज कुठून परत येतो ते ऐकायचं. आरशाच्या बुडाखाली नवी रबरी गास्केट घातली. दारांच्या आत डांबरी पत्रे चिकटवले, खाली दुहेरी फोम अंथरला. दार बंद करताना फटीत कागदाची पट्टी धरायची आणि ओढून बघायची, सैल निघाली तर तिथून वारा येतो. शेवटी सगळा आवाज एका जागी येऊन थांबला. शेजारच्या सीटचं दार, वरचा पुढचा कोपरा. तिच्या कानाशी. दार घट्ट बसावं म्हणून लॉकचा खटका आत सरकवला, दोन वेळा नवं रबर घातलं, पण शीळ काही हटेना.

दाजींना विचारलं तर म्हणाले, रबर त्या त्या दाराला बसलेलं असतं बाबा, घाई करू नकोस. मला वाटलं, स्वतःचं गुपित सांगायचं नाही म्हणून मिठाची गुळणी धरलीय.

मग एका दुपारी ते सोफा पोचवायला दुसऱ्याच्या टेंपोतून गेले, कारण त्यांच्या गाडीची बॅटरी उतरली होती. गाडी गाळ्यासमोर उभी होती, दारं उघडी. मी शेजारच्या सीटच्या दाराचं रबर वरून धरलं आणि ओढलं. ते इतकं मऊ आणि कोमट होतं की क्षणभर हात मागे घेतला. माझं कोरं रबर त्यांच्या दाराला लावलं, त्यांचं माझ्या दाराला. दोन पिढ्यांचा फरक, म्हणजे लांबी जुळायला नको होती. तरी दोन्ही टोकं मिटलेल्या ओठांसारखी एकमेकांना भिडली. चोरी कसली, अदलाबदल केली, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो. मोठ्या रस्त्याला लागलो आणि आवाज गेला. कमी झाला नाही, गेला. ट्रक शेजारून जात होते आणि ते नुसते दिसत होते. मी वाट बघत राहिलो. ती म्हणाली, “बरी झाली की हो गाडी,” आणि खिडकीबाहेर बघत बसली. घसा बसल्यासारखा वाटतोय, एवढं मात्र म्हणाली.

त्याच आठवड्यात रॉड आणायला एकटा गेलो होतो. भर सकाळ, लख्ख ऊन. पूल ओलांडला आणि शेजारच्या सीटवरून ती हसली.

“आणि मग ती बाई म्हणते, खिडकी नसली म्हणून काय झालं? पडदा भिंतीलाच लावा. म्हणजे पाहुण्यांना वाटेल खिडकी आहे.”

सीट रिकामी होती. पट्टा लोंबत होता. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, फोन बघितला, रेडिओ बघितला, सीटखाली हात घालून बघितलं. इंजिन चालू झालं की ती पुन्हा बोलायची. मी घाबरलो का? खरं सांगायचं तर नंतर घाबरलो. पहिल्यांदा मला आनंद झाला. ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती आणि आता ती माझ्या गाडीत सांगत होती.

मग लक्षात आलं की ती मध्येमध्ये थांबतेय. समोरच्याने हुंकार द्यावा म्हणून थांबतात तशी. ते थांबणं दाजींसाठी होतं. मी मोठ्याने “हं” म्हणालो. पुढच्या फेरीत दोन शब्द बोललो. माझे शब्द तिच्या बोलण्यात कुठेही बसत नव्हते, पण मी रेटत राहिलो, आणि एक दिवस तिने विचारलं, “आज तुमचा आवाज का असा येतोय? जेवला नाहीत का?”

मी खरोखरच जेवलो नव्हतो.

त्या रात्री मी तिला सहज म्हणून विचारलं, भिंतीला पडदा लावणारी ती बाई कोण होती गं? तिला अशी कुठलीच बाई आठवेना. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा विचारावं लागलं.

पुढे काय होत गेलं ते मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. गाडीत ती जे सांगायची ते घरात तिच्या आठवणीतून निघून जायचं. तिच्या लहानपणीची सायकल, ताईशी झालेली भांडणं, आमच्या पहिल्या भेटीत मी उलटा घातलेला स्वेटर. गाडीत ती मला खळखळून हसत सांगायची आणि घरी भाजी चिरताना गप्प असायची. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. सगळं ठीक आहे म्हणाले, बोलणं कमी करा. मी कामं काढून काढून एकटा फिरायला लागलो. माझी बायको मला इतकी कधीच आवडली नव्हती.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून मला हाक मारायला गेली. तोंड उघडलं आणि आतून बारीक शीळ आली. मी ती लगेच ओळखली.

दुपारी दाजी प्लायवूडच्या भिंतीपलीकडून माझ्या बाजूला आले. त्यांची गाडी आता इतकी ओरडायची की गल्लीच्या तोंडापासून कळायचं. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं स्पष्ट बोलताना ऐकलं नव्हतं.

“दाराला हात लावलास ना तू माझ्या?”

मी नाही म्हणालो.

“त्या सीटवर कुणी बसलं की मी काच दोन बोटं खाली ठेवतो. आजपर्यंत एकदाही विसरलो नाही. तुला वाटतं मी गप्पा मारायचो? मी तोंडही उघडत नव्हतो.”

काच खाली असताना वाऱ्याचा आवाज कसा येत नव्हता, हे मी विचारलं. ते म्हणाले, ते मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. मग माझा दंड धरला. “रबर नको देऊस. राहू दे. पण ती शेजारी उभी असताना काच उतरव. दोन बोटं पुरतील. तिचं तिला मिळेल.”

मी बघतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात पडदे लावायचे होते. काम आटपलं. ती मापाची टेप गुंडाळत मागून येत होती. मी पुढे जाऊन गाडीत बसलो, इंजिन चालू केलं आणि शेजारच्या दाराचं लॉक दाबलं. का दाबलं ते सांगता येणार नाही.

ती आली. कडी ओढली. पुन्हा ओढली.

माझं बोट काचेच्या बटणावर होतं. दोन बोटं. तेवढंच करायचं होतं.

मग तिचं तिला मिळालं असतं, आणि ती ते घेऊन कुणाच्या गाडीत बसली असती हे मला ठाऊक होतं.

तिने तळहात काचेवर टेकवला. ओठ हलत होते. काय म्हणतेय ते कळत नव्हतं, कारण त्याच वेळी शेजारच्या रिकाम्या सीटवरून ती मला त्या उलट्या स्वेटरबद्दल सांगत होती आणि हसत होती.

मध्येच ती थांबली.

सीटचं स्प्रिंग जरासं वाजलं, कुणी खिडकीकडे वळावं तसं.

“अहो,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “ती बाई कोण आहे? तुमच्याकडेच का बघतेय?”

तिच्या आवाजात मत्सर होता. माझ्यासाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कुणी नाही, मी म्हणालो, आणि बटणावरचं बोट काढून गिअर टाकला.