कागदामागची बाजू

"मागचा कागद तू काढायचा नाहीस हं, श्यूलान. तो वेइगुरुजींनीच काढायचा, आणि काय वाटलं ते खरं सांगायचं."

वूहानहून निघताना भरतकाम शिकवणाऱ्या कुआनबाईंनी एवढंच सांगून तळहाताएवढी चौकट रेशमी रुमालात बांधून दिली होती. चौकटीत त्यांनी भरलेली करडी मांजर.

आता सूचौच्या खाणावळीत, भरदुपारी, श्यूलानच्या पिशवीत रुमाल तेवढा होता. चौकट नव्हती.

चार वाजता वेइगुरुजी वाट पाहणार होते. ते बाईंचे गुरू, वय नव्वद. आणि ज्येष्ठांच्या भरतकामवर्गाची ही अभ्याससहल उद्या पहाटेच परतायची होती.

"लुओताई," श्यूलान शेजारणीच्या कानाशी लागली, "मी बाईंना काय तोंड दाखवू?"

लुओताईंनी वीस वर्षं वूहानमध्ये खासगी चौकशा केल्या होत्या. धंदा बंद केल्यावर हात रिकामे नकोत म्हणून त्या वर्गात आल्या. त्यांनी भरलेलं कमळ अजून कोबीसारखं दिसे.

"आधी जेव. शेवटची कधी पाहिलीस?"

"सकाळी बसमध्ये सगळ्यांना दाखवली. पुढचीच बाजू. मागे कागद शिवलाय, तिथे काय आहे ते मलाही ठाऊक नाही. बाईंनी दार लावून भरलीय ती."

"पिशवी हातावेगळी केलीस?"

"बागेत, फोटोच्या वेळी बाकावर ठेवली होती."

बाकाजवळ तिघेच होते. फोटो काढणारे वाटाडे शेनभाऊ, गुडघा धरून बसलेले नीदादा, आणि फोटोला उशिरा धावत आलेली मेइफंग. तिघंही याच टेबलाशी जेवत होती.

"श्यूलानची मांजराची चौकट सापडत नाही. पोलिसांत जायची वेळ आली तर वर्णन लागेल," लुओताई सहज म्हणाल्या. "ज्याने जसं पाहिलं तसं सांगा."

शेनभाऊंचा चेहरा उतरला. तक्रार गेली तर त्यांची नोकरी जाणार होती. "मी मांजर कधी बघणार, ताई? सकाळपासून तुमची बावीस डोकी मोजतोय. करडी होती एवढं खरं."

"डोळे हिरवे," नीदादा म्हणाले. "मी उशिरा घरी गेलो की आमची बायको अगदी तशीच बघते."

"करडी, आणि डोळे मधाच्या रंगाचे," मेइफंग म्हणाली. "मिळेल गं, श्यूलान. रडू नकोस." तिने कोळंबीची बशी नीदादांकडे सरकवली. "घ्या तुम्ही."

"काल तर कवचांचा डोंगर रचला होतास की."

"आज पोट जड आहे." मेइफंगने गरम पाणी मागवलं, बोटं बुडवली आणि एकेक कोरडं केलं. जेवायला बसल्यापासून तिसऱ्यांदा.

श्यूलानची स्वतःची बोटं तेलकट झाली होती आणि कवचांनी खरचटली होती. साठी उलटली की रंगही लक्षात राहत नाहीत, असं तिच्या मनात आलं.

लुओताईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "शेनभाऊ, निवांत जेवा. मेइफंग, सुई ओवून ठेवली आहेस का?"

मेइफंगचा हात जाकिटाकडे गेला.

"बसमध्ये सगळ्यांनी हिरवे डोळे पाहिले. इथे सूचौला एकाच कापडावर दोन्ही बाजूंनी वेगळ्या रंगात भरायची रीत आहे. तेव्हा मधाचे डोळे असलेच तर कागदामागे. ते पाहायला कागद उसवावा लागतो. आणि कोळंबीवर जीव असणारी बाई आज कवचाला हात लावत नाही, बोटं सारखी धुते. खरचटलेल्या बोटात रेशीम अडकतं, तेलाचा डाग पडतो. विकायला चोरणारा बोटं कशाला जपेल? तुला टाके घालायचे होते."

मेइफंगने जाकिटाच्या आतून चौकट काढली. श्यूलानने पहिल्यांदाच मागची बाजू पाहिली. मधाळ डोळे सुरेख होते, पण उजवी बाहुली घसरून पार कडेला गेली होती.

"निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना चहा दिला," मेइफंग म्हणाली. "त्यांनी झाकण ठेवलं ते पेल्याच्या बाहेर, आणि तसाच हात मागे घेतला. त्यांची नजर अधू झालीय, श्यूलान. म्हटलं, मागे काही चुकलं असेल तर गुपचूप सुधारावं. दहा टाक्यांचं काम. गुरुजींसमोर हसं नको व्हायला."

"मांजर तिरकी बघतेय," नीदादा पुटपुटले, "म्हणजे उंदीर त्या बाजूला असणार."

मेइफंगला रडता रडता हसू फुटलं.

"बाईंना ठाऊक नाही असं वाटतं तुला?" लुओताईंचा आवाज मऊ झाला. "त्यांनी चांगली बाजू उघडी ठेवली आणि हीच झाकली. चूक कळल्याशिवाय कुणी झाकत नाही."

"मग दाखवायची तरी कशाला?"

"सुई आता कायमची खाली ठेवायची का, ते विचारायला. तू दहा टाके घातले असतेस तर गुरुजींनी तुझ्या डोळ्यांना उत्तर दिलं असतं."

मग मेइफंगने खिडकीपाशी बसून फक्त कागदाचे उसवलेले टाके परत घातले.

"गुरुजी सुई ठेव म्हणाले तर?" तिने चौकट परत देताना विचारलं.

"तर बाईंना ते एकटीने ऐकावं लागणार नाही," श्यूलान म्हणाली. "उद्या स्टेशनवरून आपण दोघी थेट त्यांच्याकडे जाऊ. शब्द देते."

मेइफंगने मान हलवली.

नीदादा आणि शेनभाऊंचं उरलेल्या कोळंबीवरून जुंपलं होतं. श्यूलानने रुमालाची गाठ मारली, पिशवी पोटाशी धरली आणि कुणाचं लक्ष नसताना ती खाणावळीबाहेर पडली. कालव्याच्या कडेने, वेइगुरुजींची गल्ली विचारत, ती चालू लागली.