उलट्या काट्यांचा भाला

दाखव बघू तो भाला. हा कुणी निवडला? तुझ्या धाकट्यानं? मग बरोबर, चकाकलं की सोनं म्हणणारा माणूस तो. बसा खाली सगळे. तासाभरानं गेलात तरी बेडूक तळ्यातच असतील, त्यांना कुठं ऑफिस गाठायचंय.

आता नीट बघा. बेडकासाठी दाते बारीक आणि जवळजवळ हवेत, नाहीतर तो मधूनच निसटतो. माशाला जाड आणि रुंद. दांडा आपल्या उंचीपेक्षा हातभर जास्त. आणि मासा दिसतो तिथं मारायचं नाही, थोडं खाली मारायचं, पाणी डोळ्यांना फसवतं. तुमचा हा पाच दात्यांचा आहे, दोन्हीला चालेल. पण प्रत्येक दात्याला हे उलटे काटे आहेत ना, गळाला असतात तसे, त्यांची मला धास्ती वाटते. आत शिरलेला दाता ते परत येऊ देत नाहीत. असे भाले बनवणारा एक वेल्डर माझा मित्र होता. बारा वर्षं आमची दुकानं भिंतीला भिंत लागून होती, माझं सायकलचं, त्याचं वेल्डिंगचं. त्यानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

त्याच्या बायकोचा एक धाकटा भाऊ होता. चांगला सहा फूट उंच, पण सगळे त्याला बारक्या म्हणायचे. आई गेल्यावर बहिणीनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. मेहुणा-दाजी मिळून तळ्यावर जायचे. पद्धत ठरलेली. वेल्डर पुढं, हातात भाला. बारक्या एक पाऊल मागं, डावीकडं, हातात बॅटरी. बॅटरीवाल्यानं काही झालं तरी पुढं यायचं नाही. एका रात्री बारक्या पुढं आला. बेडूक मोठा असेल, राहवलं नसेल. वेल्डरला पाण्यात काहीतरी हललेलं दिसलं आणि त्यानं मारला. भाला बारक्याच्या डाव्या पायातून आरपार, खाली चिखलात.

बारक्या म्हणाला, "दाजी, ओढू नका."

यानं ओढला. त्या उलट्या काट्यांनी काय केलं असेल ते तुमचं तुम्ही समजा. बारक्या पाण्यात पडला, बॅटरी विझली आणि हा घाबरून, भाला तिथंच टाकून पळाला. मागून हाका येत होत्या, तरी पळाला. पहाटे एकटाच परत गेला आणि भाला तेवढा काढून आणला. लोकांना सांगितलं, पाय घसरून खोल पाण्यात गेला. बारक्या तिसऱ्या दिवशी सापडला. तोवर डावा पाय माशांनी खाऊन टाकला होता, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

विचारायची ती बायको. जेवायला वाढताना, झोपताना, केव्हाही. "अहो, शेवटी काही बोलला का हो तो?" हा मान हलवायचा, नाही म्हणून. पोलिसांची त्याला भीती नव्हती. हिला कळलं तर काय, एवढीच एक भीती त्याला आतून पोखरत होती.

वर्ष होत आलं. एका गिऱ्हाइकानं भाला सांगितला, दुसऱ्या दिवशी सकाळीच हवा म्हणाला. वेल्डरची एक शिस्त होती, नवा भाला पाण्यात मारून बघितल्याशिवाय हातातून सोडायचा नाही. दाता वाकतो का, दांडा खोबणीत हलतो का, ते पाण्यातच कळतं. वर्षभर त्यानं भाल्याचं काम टाळलं होतं, पण त्या महिन्यात धंदा बसला होता. भाला बनवला, उलटे काटे न लावता. अठरा सप्टेंबर, बुधवार. रात्री पावणेअकराला तो घरातून निघाला. बायकोला म्हणाला, अर्ध्या तासात येतो.

तळं घरापासून दहा मिनिटांवर. कपाळाला बॅटरी बांधून तो गुडघाभर पाण्यात उतरला. वारा नव्हता. गवताच्या कडेला बेडकाचे दोन डोळे चमकले. त्यानं भाला उचलला. एवढ्यात समोर पाण्यावर एक सावली पडली. माणसाची. भाला उचललेली.

त्याची स्वतःचीच.

आता विचार करा. उजेड याच्या कपाळावर. मग याची सावली पुढं कशी पडेल?

मागं कुणीतरी उजेड धरला होता. एक पाऊल मागं. डावीकडं.

त्यानं वळून बघितलं नाही. एक पाऊल टाकलं. उजेडही एक पाऊल आला. हा थांबला. तोही थांबला. बेडूक ओरडायचे बंद झाले होते... किती वेळ गेला, त्याला सांगता येईना.

मग सावली सरकली. उजेड त्याच्या बाजूनं पुढं निघाला. बांधावर चढला. रस्त्याला लागला. हातात बॅटरी घेऊन माणूस चालतो तसा हलत हलत... पण एका पायानं लंगडत.

आणि याच्या गल्लीकडं वळला.

उजेड दिसेनासा होऊन बराच वेळ गेला, तेव्हा कुठं त्याला कळलं, तो कुणाला भेटायला निघालाय. भाला पाण्यात टाकला. पळत सुटला. चपला चिखलात राहिल्या. गल्लीत अंधार. घराचं दार सताड उघडं.

बायको टेबलापाशी बसली होती. समोर दोन कप. एक तिचा. दुसरा भरलेला, साय धरलेला. समोरची खुर्ची ओढलेली. खुर्चीतून पाणी ठिबकत होतं.

ती रडत नव्हती. म्हणाली, "बारक्या आला होता."

हा दारातच उभा.

"म्हणाला, दाजींना सांग, पाय आता दुखत नाही."

"कुठला पाय हो?"

मग त्यानं सांगितलं. सगळं. तो थांबल्यावर तिनं एवढंच विचारलं, "हाका मारत होता?"

"हो."

"किती वेळ?"

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

पहाटे पाचला तो माझ्या दारात आला, अनवाणी. मी त्याच्याबरोबर घरी गेलो. आतली कडी अजून लागलेलीच होती. रात्रभर पंखा फुल चालू, बाकीची फरशी, याच्या स्वतःच्या ठशांसकट, खडखडीत वाळलेली. फक्त दारापासून खुर्चीपर्यंत ओले ठसे होते, चिखलाचे, मोठ्या पायाचे. सगळे उजव्याच पायाचे. मी अकरा मोजले. खुर्चीभोवती बघितलं, आतल्या खोलीपर्यंत बघितलं, उंबऱ्याबाहेर जाऊन पायरीवरही बघितलं.

आत येणारे तेवढेच होते. परत जाणारा एकही नव्हता.