चित्रांच्या पाठीवरचं गाणं

फ्रेमवाल्याच्या दुकानात ती शिरली घाईघाईत, आणि दारातच थबकली. आत कुणीतरी गात होतं... आणि शब्द तिचे होते!

“रंग नाही वाऱ्याला, तरी डोंगर लाल करून गेला...”

हे तिनं कुणालाही ऐकवलं नव्हतं. महिनाभर ती पश्चिमेकडच्या उजाड माळावर चित्रं काढत होती. तिथला वारा काही केल्या कागदावर उतरेना. मग जे रंगांना जमलं नाही, ते ती चिडून चित्राच्या पाठीवर एका ओळीत पेन्सिलीनं खरडायची. हे प्रदर्शन झालं की ब्रश कायमचे गुंडाळून ठेवायचे, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

“हे तुम्हाला... कुठं मिळालं?”

फ्रेमवाला दचकला. “तुमच्याच चित्रांच्या पाठीवर. मागून कागद चिकटवावा लागतो ना... डोळे मिटून कसा चिकटवणार?”

“वाचलंत ते वाचलंत, वर चालही लावलीत?”

“चार दिवस हेच दळण चाललंय,” काच कापता कापता त्याची ताई म्हणाली. “डोकं उठलंय माझं! ती सहावी ओळ देऊन टाका बाई एकदाची.”

तेव्हा तिचं लक्ष गेलं. पाच चित्रं तयार होती, सहावं टेबलावर तसंच पडलं होतं.

“उद्या प्रदर्शन आहे! हे का राहिलं?”

“याची पाठ कोरी आहे,” तो ओशाळून म्हणाला. “गाणं अर्धवट... हातच चालेना.”

रागवायचं तिच्या मनात होतं, पण उत्सुकता गप्प बसू देईना. “म्हणा ना... पहिल्यापासून.”

तो गायला. आणि तो वारा, महिनाभर हुलकावणी देणारा, त्या साध्याशा चालीत भरून राहिला होता. तिचे डोळे भरून आले. आपल्याला जमत होतं तर... फक्त पाठीमागं!

तिनं त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि सहाव्या चित्राच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं – “माळभर शोधला वारा, तो इथं गात बसला होता.”

त्यानं वाचलं. कान लाल झाले. त्यानं काच ठेवली, चौकट बसवली, खिळे ठोकले.

“अहो, उलटं बसवलंत! अक्षरं वर आली!”

“येऊ देत. चित्र लाजेल थोडा वेळ भिंतीकडं तोंड करून.”

ती खळखळून हसली. “प्रदर्शन संपलं की परत माळावर जाणार आहे मी. या वेळी वही घेऊन.”

“एकटीच?”

“मग चाल कोण लावणार?” तिनं पेन्सिल पुन्हा त्याच्या कानामागं खोचली. “तू येतोयस.”