डाव्या हाताचं काम

गार्गी दुपारी दोनला झोपते, तीनच्या आसपास उठते. मधला तास माझा. भांडी तशीच टाकून मी जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड मांडते. हेडफोन एकाच कानाला, दुसरा कान बेडरूमच्या उघड्या दाराकडे. गार्गी सातव्या महिन्यातच झाली, फुप्फुसं कच्ची होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "श्वासाकडे लक्ष ठेवा." आता ती आठ महिन्यांची आहे, आणि मी अजून तेच करते.

मला तिच्यासाठी एकच अंगाई बसवायची होती, माझ्या बाबांची. ते जालन्याकडे भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. मी दीड वर्षाची असताना गेले, पाठोपाठ पेटीही विकली. चाल आईला पाठ. तिने ती व्हॉट्सअ‍ॅपवर गुणगुणून पाठवली. उजव्या हाताला दोन दिवसांत आली. डाव्या हाताचे कॉर्ड शोधण्यात महिना गेला. व्हिडिओतला मास्तर म्हणतो, सी, एफ आणि जी, एवढ्यात बहुतेक गाणी निघतात. आमची तिसऱ्या ओळीला अडायची. तिथे कोमल नी होता. खाली यातलं काहीही ठेवलं, की भातात खडा लागल्यासारखं व्हायचं.

आणि नेमका तिथेच डावा हात पट्ट्या सोडायचा. हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. वाटलं, गार्गीला कडेवर घेऊन अवघडला असेल.

शेजारच्या नलिनीकाकू वाटी परत द्यायला आल्या आणि बघतच राहिल्या. त्या भजनी मंडळातल्या.

"हे काय गं? भाता मारतेस?"

"भाता?"

"पेटीचा गं. डाव्या हाताने हवा भरतात ना, तस्साच चाललाय हात. कुठे शिकलीस?"

"पेटीला मी कधी हात पण नाही लावलाय, काकू. बाबा वाजवायचे."

"मग वडलांचंच आलं बाई रक्तात."

मला इतकं बरं वाटलं! संध्याकाळी प्रितमला सांगितलं तर तो हसला. "सासरे क्लास घेतायत तुझा. झकास!"

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या ओळीला डावा हात आपणहून खाली आला. एक काळी पट्टी, दोन पांढऱ्या. हा कॉर्ड मी शिकलेच नव्हते. कोमल नी त्यात अलगद बसला. माझे डोळे भरून आले. कोणी नव्हतं तरी हळूच "थँक्यू, बाबा" म्हटलं.

त्यानंतर मला काही शोधावं लागलं नाही. मी चाल धरायची, डावा हात सोबत यायचा. फक्त तो गार लागायचा. मनगटापर्यंतच.

मंगळवारी तिसऱ्या ओळीआधीच तो उठला. पुढे-मागे. भराभर. मी उजवा हात थांबवला.

डावा थांबेना.

मी हेडफोन काढला. कान देऊन ऐकलं. बेडरूममधून काहीच आवाज नव्हता.

काहीच नव्हता.

मी धावले. गार्गी पालथी झाली होती, ओकलेल्या दुधात तोंड. ओठ निळे.

उचलून मांडीवर पालथी घेतली आणि पाठीत चापट्या मारल्या. मी मारल्या म्हणते. मी नुसती तिचं नाव घेत होते. हात चालत होता.

दुधाची गुठळी पडली. मग ती रडली. आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं.

"छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर पोचलात."

घरी आल्यावर आईला फोन लावून सगळं सांगितलं. "बाबांनी वाचवलं गं हिला. त्यांचाच हात होता."

आईने कोणता हात ते पुन्हा विचारून घेतलं.

"मिते, तुझे बाबा डावखुरे होते. डावा हात सुरांवर आन् भाता उजव्यानं. उलटा पेटीवाला म्हणून आख्खी पार्टी चिडवायची त्यांना."

फोन माझ्या उजव्या हातात होता. गार्गी मांडीवर गाढ झोपली होती. डावा हात तिच्या पाठीवर थोपटत होता, हळू, एका लयीत.

मी तो थांबवून पाहिला नाही.

"थँक्यू," मी म्हणाले.

"कुणाला गं?" आईने विचारलं.