नलिनीचा तिसरा ग्लास

निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीतली माणसं देवधर्माला लागली, मी वाइनला लागलो. देवासच्या एका औषध कंपनीत सारी नोकरी तपासणी विभागात काढली. तिथं नाकाला आणि जिभेला किंमत नव्हती. यंत्र सांगेल ते खरं. पण विपुल नाशिकला वाइन बनवायला शिकत होता तेव्हा त्याला भेटायच्या निमित्तानं तिथल्या बागा पाहिल्या, चार घोट चाखले आणि उतारवयात एक नवंच दालन उघडलं. नलिनी, माझी बायको, म्हणायची, "देवीच्या टेकरीवर चला म्हटलं की यांचे गुडघे दुखतात. वाइनरीचे जिने मात्र चढता येतात."

विपुल हा नलिनीच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो शाळेत होता. त्यानंतर तो आमच्याकडेच वाढला. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचताना अडखळतो, पण 'मावशी' अशी हाक मारतो की स्वयंपाकघरातून नलिनी ओल्या हातानंच बाहेर येते. शिक्षण संपवून तो सरदारपुरजवळ उदाजीरावांच्या वाइनरीत लागला आणि लवकरच तिथला सगळा कारभार पाहू लागला. माळव्यातल्या काळ्या मातीत नाशिकच्या तोडीची वाइन होऊ शकते, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नलिनीचा वास गेला, तो परत आला नाही. त्याबरोबर चवही जवळजवळ गेली. इंदूरच्या डॉक्टरांनी लवंग, निलगिरी हुंगायला दिली, काही उपयोग झाला नाही. दूध करपलं तरी तिला कळत नसे. मी स्वयंपाकघरात गॅसची सूचना देणारं यंत्र बसवून घेतलं. ती त्याबद्दल बोलणं सोडून बसली होती. फक्त आंब्याच्या दिवसांत एखादा आंबा नाकाशी धरून उभी राहायची आणि मग खाली ठेवायची.

फेब्रुवारीच्या अखेरीस विपुलचा फोन आला. "काका, शिराझ द्राक्षांची तोड झाली, टाक्या आंबायला लागल्यात. आत्ताच या. मावशीला पण घेऊन या, मी स्वतः सगळं दाखवतो."

सकाळी निघालो. घाटाबिल्लोदला गाडी थांबवून पोहे खाल्ले. वर शेव, जिरावन मसाला. नलिनी प्लेटकडे बघत म्हणाली, "रंग छान आहे." धार मागे पडल्यावर गहू पिवळा पडलेला दिसू लागला आणि बांधाबांधावर खाखरा, म्हणजे आपला पळस, फुलला होता, नुसता केशरी, एकही पान नाही. सरदारपुरच्या अलीकडे माही नदीच्या दिशेनं एक कच्चा रस्ता जातो. त्याच्या टोकाला द्राक्षाच्या ओळी, पत्र्याची मोठी शेड आणि तिला लागून कौलारू बैठक.

उदाजीराव दारातच उभे होते. यांचे पूर्वज धार दरबारात मानकरी. आता ते उन्हानं रापलेले, पायात रबरी बूट घातलेले बागायतदार होते.

"या, या मार्तंडराव! वहिनी, नमस्कार. प्रवास बरा झाला ना?"

"विपुल कुठाय?" नलिनीनं लगेच विचारलं.

"इथेच होता की. पंपाचा वॉशर गेला, तर जीपवाल्याबरोबर राजगढला गेला असेल. येईलच. आणि फोन बघा, इथेच विसरलाय." बैठकीतल्या टेबलावर विपुलचा फोन पडला होता.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नलिनीनं फोन उचलला, पदरानं पुसला आणि आपल्या पर्सशेजारी ठेवला.

उदाजीरावांनी बाटल्या मांडल्या. खिडकीतून शेड दिसत होती. आत स्टीलच्या उंच टाक्यांची रांग आणि ओल्या फरशीवर पडलेलं ऊन. हवेत आंबलेल्या द्राक्षांचा दाट, गोड वास होता, डोक्यात चढणारा. पहिली पांढरी वाइन आली. मी रीतसर ग्लास तिरका केला, फिरवला, नाक घातलं. कच्ची कैरी, कापलेलं गवत. नलिनीनं सवयीनं एक घोट घेतला.

"कशी आहे, वहिनी?"

"थंड आहे," ती हसून म्हणाली.

मी उदाजीरावांना खुणेनंच समजावलं. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. दुसरी गुलाबी होती. मला ती जरा पातळ वाटली. नलिनीनं नुसते ओठ लावले आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

तिसरी गेल्या वर्षीची शिराझ. गडद, जवळजवळ काळी. उदाजीराव म्हणाले, "ही विपुलची स्वतःची. यात मी बोटसुद्धा घातलेलं नाही."

भाच्याची म्हणून नलिनीनं ग्लास दोन्ही हातांत धरला. तो नाकाजवळ नेला आणि तशीच थांबली.

"अहो," ती म्हणाली, "वास येतोय."

माझ्या हातातला ग्लास टेबलावर आपटला. इतक्या वर्षांनी! "कसला? मिरी? जांभूळ?"

"नाही." तिनं डोळे मिटले होते. "बिडीचा. ओल्या फरशीवर विझवलेल्या बिडीचा."

मला हसू आलं, आनंदानंच. "बरोबर आहे! लाकडी पिंपात मुरली की तंबाखूची छटा येते. चामडंही येतं कधी."

"छटा नाही हो. बिडी. आणि पानातला कात. कात लागलेला सदरा, घामानं भिजून वाळलेला." ती थांबली. "कुणीतरी उभा आहे."

उदाजीरावांचा ओतणारा हात थांबला होता.

"कात?" त्यांनी हळू विचारलं. "वहिनी, हे तुम्हाला विपुलनं सांगितलं का?"

"काय सांगायचं त्यानं?"

त्यांनी बाटली खाली ठेवली. मी माझ्या ग्लासात पुन्हा नाक घातलं. मिरी होती, जांभूळ होतं, थोडं लाकूड. बिडीचा मागमूसही नव्हता. रसायनशास्त्राचा माणूस म्हणून मला कारण सुचलं ते असं, की नस पुन्हा जागी होताना मेंदू चुकीचे वास दाखवतो. हे होतं, पुस्तकात आहे. मी तसं बोलूनही दाखवलं.

नलिनीनं ऐकलं नाही. तिनं ग्लास खाली ठेवला, तरी तिचं नाक तो वास काही सोडत नव्हतं. ती मान वळवून दाराकडे बघत होती.

"ग्लासातून येत नाहीये," ती म्हणाली. "तिकडून येतोय. निघालाय. मी गेले नाही तर जाईल."

आणि ती उठलीच.

आम्ही मागोमाग गेलो. ती शेडमध्ये शिरली. तिथं आंबणाऱ्या द्राक्षांचा वास एवढा होता की माझे डोळे चुरचुरले, पण ती त्यातून चालत होती ती गर्दीतून ओळखीच्या माणसामागे जावं तशी. एकदा थांबली, परत फिरली, दोन टाक्यांच्या मधून वळली. दोन मजूर पाइप धूत होते, ते बघतच राहिले.

शेवटच्या टाकीपाशी ती थांबली. टाकीला शिडी लावलेली होती. वरचं झाकण उघडं. खालचं दार बंद.

"इथं," ती म्हणाली.

"वहिनी, ती रिकामी आहे," उदाजीराव म्हणाले. "सकाळीच वाइन काढून घेतली. आत फक्त चोथा उरलाय."

नलिनीनं स्टीलवर हात ठेवला.

"विपू," ती म्हणाली. हाक नव्हती ती, शेजारच्याशी बोलावं तसं बोलली.

मी शिडीकडे पाहिलं. खालच्या पायरीशी विपुलची चप्पल काढून ठेवली होती. नीट, जोडीनं.

उदाजीरावांनीही ती पाहिली. दुसऱ्या क्षणी ते शिडीवर होते. मी त्यांचा पट्टा धरून मागे ओढलं. ते माझ्यावर ओरडले.

"सोडा! पोरगा आत आहे!"

"उतरू नका! आत हवा नाहीये, उदाजीराव. नुसता कार्बन डायऑक्साइड आहे. जो उतरेल तो पडेल. खालचं दार उघडा!"

चोथा आंबत राहतो आणि टाकी त्या जड वायूनं भरते. वरून वाकलं की भोवळ येते. असा एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात.

एका मजुरानं दाराचं चाक फिरवलं. ते हलेना. दुसरा धावत आला. "जोर लगा, भिया!"

दार उघडलं. गरम, जांभळा चोथा भसाभसा फरशीवर आला. त्याबरोबर तो वायू, दिसत नव्हता, पण घोट्यांना ऊब लागली. उदाजीरावांनी मोठा पंखा ओढत आणून दारासमोर लावला. मजूर फावड्यानं चोथा उपसू लागले.

मी श्वास रोखून, फक्त हात आत घालून चाचपडलो. हाताला पाय लागला.

सगळ्यांनी मिळून ओढलं.

बाहेर आणण्याआधी, टॉर्चच्या उजेडात, मी त्याला पाहिलं होतं. तो पडलेला नव्हता. बसलेला होता. पाठ टाकीच्या भिंतीला टेकलेली, छातीपर्यंत चोथा, मान ताठ, हनुवटी वर. चेहऱ्याला चोथ्याचं एक सालही लागलेलं नव्हतं. तोंड घट्ट मिटलेलं.

उन्हात निजवला. ओठ निळे. मी कान नाकाशी नेला. काही नाही.

नलिनी त्याच्या डोक्याशी बसली होती. ती रडत नव्हती. ती त्याच्या डोक्यापलीकडे, शेडच्या दाराकडे बघत होती.

मग त्यानं श्वास घेतला. घाईनं नाही. सावकाश, भरपूर.

मी तिथंच मातीत बसलो. उदाजीराव मोठ्यानं रडू लागले. एक मजूर "बच ग्यो, बच ग्यो" म्हणत शेतातून धावत सुटला, कुणाला सांगायला कोण जाणे.

*

सरदारपुरला प्राथमिक उपचार करून त्याला धारला हलवलं. संध्याकाळपर्यंत तो डोळे उघडून पाणी मागत होता. डॉक्टर तरुण होते, दमलेले. त्यांनी मला बाहेर घेतलं.

"अंकल, किस्मत समझो. वहाँ लेटा होता तो आपके आने तक कुछ नहीं बचता। गैस नीचे बैठती है, इसका मुँह ऊपर था।" मग त्यांनी सहज विचारलं, "बिठाया किसने था?"

"कुणीच नाही," मी म्हणालो, आणि मग घाईनं हिंदीत, "कोई नहीं. खुद बैठा होगा."

"बेहोश आदमी?" ते म्हणाले, पण तेवढ्यात त्यांना दुसरीकडे बोलावणं आलं.

उदाजीराव बाकावर बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला.

"मार्तंडराव, तो वास मलाही येतो, विपुललाही," ते म्हणाले. "बिडी आणि कात. माझ्याकडे एकही मजूर बिडी ओढत नाही, शेडमध्ये तर नाहीच. मधूनच येतो, शेडमधून निघून जातो. कुणाचा आहे ते बघायला मी कधी मागे गेलो नाही." मग म्हणाले, "वहिनी कशा काय गेल्या हो?"

मी नलिनीला तेच विचारलं. ती विपुलच्या पांघरुणाच्या कडा सारख्या करत होती.

"इतक्या वर्षांनंतर एक वास आला," ती म्हणाली, "तो कसा सोडणार होते मी?"

"आता येतोय?"

तिनं रुग्णालयातली फिनेलची हवा खोल ओढून पाहिली. "नाही. काहीच नाही." आणि ती हसली. तिच्या चेहऱ्यावर हळहळ नव्हती. विपुलचा हात तिच्या हातात होता, गरम होता, आणि तिला तेवढं पुरत होतं. मलाही. त्या रात्री मी आयुष्यात कधी झोपलो नव्हतो असा बाकावर आडवा होऊन झोपलो.

त्याला घरी देवासला आणलं. सगळ्या तपासण्या नीट आल्या, फुप्फुसं स्वच्छ, मेंदू स्वच्छ. पोरगा दुसऱ्याच दिवशी मावशीकडे जेवायला दालबाफले मागू लागला. उदाजीरावांनी सगळ्या टाक्यांना जाळ्या बसवल्या आणि वायू मोजायची यंत्रं आणली. ती कोणती घ्यायची हे मी सांगितलं. घरात पुन्हा गोंगाट झाला. नलिनी आंघोळीनंतर गुणगुणू लागली.

जेवताना एकदा विपुल म्हणाला, "काका, एक बोलू? तुम्ही आत उतरलात ना माझ्यासाठी, ते कधी नाही विसरणार."

मी घास खाली ठेवला.

"सगळं नाही आठवत. पण तुम्ही मागून धरून बसलेले आठवतंय. माझं नाक-तोंड हातानं दाबलं होतं तुम्ही. मला भीती वाटली, मी सुटायला बघत होतो. तुम्ही म्हणत होतात, अभी नहीं. अभी नहीं. मग हात काढून, अब ले. की मी श्वास घ्यायचो. परत दाबायचात." तो लाजून हसला. "तुम्ही हिंदीत का बोलत होता, तेच कळत नाही."

नलिनी माझ्याकडे बघत होती. त्या टाकीत माझे हात कोपरापलीकडे गेले नव्हते.

"घाईत होतो रे," मी म्हणालो. "जेव."

तो जेवला, भरपूर. मग पुढच्या खोलीत दिवाणावर आडवा झाला आणि त्याला लागलीच झोप लागली. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं. मी वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसलो. किती बरं वाटत होतं ते सांगता येत नाही. आपलं माणूस आपल्या घरात, पोटभर जेवून झोपलेलं.

थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं. त्याची छाती हलत नव्हती.

मी उठणार, एवढ्यात नलिनीनं दारातूनच हात केला. थांबा.

विपुल शांत झोपला होता. तोंड मिटलेलं, हनुवटी किंचित वर. मान एका बाजूला कललेली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

मग त्यानं झोपेतच हळूच मान हलवली, हो म्हटल्यासारखी, आणि श्वास घेतला.